नर्सरीचा टाय

सोलापुरात जून महिन्यात टाय बांधून फिरणारे दोनच जीव: बोहल्यावरचा नवरदेव आणि नर्सरीतलं पोर. पैकी नवरदेवाला निदान जेवण तरी मिळतं.

आमची कन्या तीन वर्षांची. शाळेचं नाव सांगत नाही, फीचे दोन हप्ते बाकी आहेत. टाय बांधायला मान लागते आणि तीन वर्षांच्या पोराला ती नसतेच. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं असतं. म्हणून टायला इलॅस्टिक. 'फक्त शाळेच्या काउंटरवर मिळेल', अशी पाटी. ही पाटी सोलापुरात! १८७७ साली जुनी मिल उभी राहिल्यापासून या गावाला कापडातलं कळतं. चादर आणि टॉवेल सोडा, परराज्यांतल्या शाळांचे गणवेशसुद्धा इथं शिवले जातात. आमच्या समोरच्या घरात दिवसभर तीच मशीन चालू असतात. तिथल्या काकांनी टाय उलटा करून शिलाई पाहिली, किंमत विचारली आणि म्हणाले, "तुम्ही सोलापूरचेच न्हवं?"

दाद मागावी तर कुठं? २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो आणि चौदाव्या वर्षी संपतो. त्याच्या लेखी आमची कन्या अजून शाळेत गेलेलीच नाही. फक्त तिचा बाप पैसे भरून आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा असं सांगितलंय. शाळेनं लगेच अंमलबजावणी केली. माहितीपत्रकावर 'प्ले' हा शब्द आता लाल रंगात आहे.

या धंद्यात ताराबाई मोडकांचं आणि अनुताई वाघांचं चुकलंच म्हणायचं. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, तर या बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. पोरांना आंघोळी घातल्या, नखं कापली, दगड, बिया, शिंपले मांडून शिकवलं. व्यवहार म्हणून नाही! शिंपल्यांचं एक किट बांधून काउंटरवर ठेवलं असतं तर टेकडीवर एव्हाना चार मजली इमारत दिसली असती.

अंगणवाडी हे नाव घेऊन पुढं सरकारची योजना आली, २ ऑक्टोबर १९७५ ला. आमच्या गल्लीतही एक आहे. ताई पोरांची वजनं करतात, गाणी म्हणून घेतात, गरम खिचडी वाढतात. हे सगळं फुकट, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर. पण टाय नाही. मग पाहुण्यांपुढं काय सांगायचं? शिवाय फुकट शाळेत घातलं तर पोरीच्या नावानं त्याग केल्याचं समाधान आईबापांना कुठून मिळणार?

पहिल्या दिवशी फाटकावर फुग्यांची कमान आणि तिच्याखाली सेल्फीची चौकट. चौकटीत उभं राहिल्यावर हसायचं असतं, हे बापांना ठाऊक होतं. पोरांना कुणी कळवलं नव्हतं. पूर्व भागातलं एक 'अम्मा' म्हणून टाहो फोडत होतं, अक्कलकोटकडचं 'अव्वा' म्हणून, तिसरं 'अम्मी' म्हणून, आणि आमचं 'आई'. एवढं चौभाषिक रडणं दुसऱ्या कुठल्या गावच्या शाळेला मिळणार? मिसनी मात्र दहा मिनिटांत सगळ्यांना 'बाय मम्मा'वर आणलं.

पोरं आत गेली, आया रिक्षांत बसल्या. बाप हटेनात. एकजण कंपाऊंडच्या भिंतीवरून डोकावत होता, दुसरा खिडकीचे गज धरून उभा, तिसरा शिपायाला सांगत होता की आमचा बाळ्या फक्त आजीच्याच हातचं पाणी पितो. शेवटी शाळेतल्या मावशी झाडू घेऊन बाहेर आल्या. "लेकरं गप झाली की ओ कवाच. आता तुम्ही जावा."

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पालकांचा ग्रुप तयार झाला आणि पाठोपाठ गृहपाठ आला: एक पान उभ्या रेषा. कन्या सात वाजताच झोपली. तीन वर्षांच्या पोरीला गृहपाठासाठी उठवायचं म्हणजे क्रौर्य, यावर घरात एकमत झालं आणि वही माझ्याकडं आली. रेषा जरा वाकड्याच काढल्या, संशय नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी माझ्या रेषांना दोन स्टार मिळाले. भिंतीवरून डोकावणाऱ्या गृहस्थांना तीन. त्यांनी पट्टी वापरली होती.