हॉटस्पॉटवाले काका

डेक्कन क्वीनच्या पासवाल्यांच्या डब्यात पूर्वी पेपर एक जण विकत घ्यायचा आणि वाचायचे आठ जण. पहिलं पान खिडकीपाशी, खेळाचं पलीकडच्या रांगेत, शब्दकोडं दाराजवळ. ज्याने पैसे मोजले त्याच्या हाती बहुधा छोट्या जाहिराती उरायच्या. पण बातम्या शिळ्या आहेत म्हणून त्याला कुणी जाब विचारल्याचं ऐकिवात नाही.

हॉटस्पॉट देणाऱ्याला ही सवलत नाही.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, रोजच्या दीड जीबीत जो तो आपापला संसार हाकू लागला. तरी डब्यात कुणाचं तरी रिचार्ज कालच संपलेलं असतं, कुणाच्या फोनला रेंज नसते आणि कुणाला दादर यायच्या आत लॅपटॉपवरून एक फाइल पाठवायचीच असते. मग सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळतात. काका बँकेतले, कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे. नाही म्हणणं मात्र त्यांना जमत नाही.

पासवर्ड आठ अक्षरांहून कमी असला तर फोन घेत नाही. काकांनी ठेवला होता ‘सोनचाफा’. तो त्यांनी आधी कानात सांगितला, पण गाडीच्या खडखडाटात कानातलं कानापर्यंतही पोचेना.

“फा म्हणजे पी एच की एफ?”

“पी एच.”

“आणि चा?”

“अहो, सी एच!”

शेवटी काकांचा सोनचाफा अख्ख्या डब्यात दरवळला. कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी मात्र गुपचूप फोनमध्ये भरून घेतला.

पाहुण्यांमध्ये सर्वांत निलाजरा लॅपटॉप. वायफाय दिसलं की ते घरचंच, असं तो खुशाल धरून चालतो. मालक दोन ओळींचा मेल लिहीत असतो आणि हा पठ्ठ्या आतल्या आत महिनाभराचे अपडेट उतरवून घेतो. काकांचा फोन शर्टाच्या खिशात इस्त्रीसारखा तापतो आणि तळेगावच्या आतच ‘आजचा निम्मा डेटा संपला’ असा मेसेज येतो. काका तो वाचतात आणि फोन पुन्हा खिशात ठेवतात.

खरी कसोटी लोणावळ्यानंतर. भोर घाटातली ही रेल्वे १८६३ सालची. बोगदे दोन डझनांहून जास्त. बोगद्यात टॉवरचा सिग्नल तुटतो, पण वायफायची खूण भरलेलीच राहते, कारण ती फक्त आपल्या फोनपासून काकांच्या फोनपर्यंतचं अंतर सांगते. काकांच्या पुढे काय झालं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. लोकांना हे कोण समजावणार? सगळे माना वर करून काकांकडे बघतात, जणू डोंगर त्यांनीच मध्ये आणून ठेवला.

“काका, बंद केलंत का?”

“जरा खिडकीकडे धरता का?”

काका खरंच धरतात! फुकट देणाऱ्याला आपल्याकडे आभार कमी आणि जबाबदारी जास्त मिळते, पण ती इतक्या हक्काने टाकलेली असते की त्यालाही ती आवडू लागत असावी. एरवी रोज चार्जिंगची जादा बॅटरी स्वतःच्या पैशाने कोण आणेल?

परवा कर्जत गेल्यावर एकाने कुरकुर केली, “काका, आज फारच स्लो आहे हो.”

काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “तक्रार लेखी द्या.”

पठ्ठ्याने ऑम्लेटच्या बिलामागे लिहून दिली. काकांनी ती वाचली, खाली सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, “आता पोच हवी असेल तर चहा सांगा.”