रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम

वहिनी, तुरीच्या शेंगा घेऊनच या इकडं भिंतीपाशी. मी बी सोलू लागते. आमच्या बारक्याचं कळलं का तुम्हाला? ताईनं सांगितलं नाही? गुणाची पोर आहे तुमची, पुण्याला राहून बी पोटात ठेवती.

अहो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वरच्या खोलीत लाइट चालू. मला वाटलं अभ्यास करायलाय. ह्यांना वाटलं प्रकरण आहे. मला हळूच विचारलं बी, ‘कुण्या गावची असंल?’ म्हणून चहाचं निमित्त करून गेले वर. बघते तर मुंबईच्या साहेब लोकांना मेल लिहायलाय! ओळख ना पाळख. एकाला झाला की दुसऱ्याला. फायनान्समधी इंटर्नशिप पाहिजे म्हणं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे नव्हं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं तरी फंड, शेअर, कंपन्यांची कर्जं असलं काम जवळून बघायचं.

ह्यांचं एकच, ‘इथंच एखाद्या सीएकडं बस की.’ तर तिथं रीतसर आर्टिकलशिप करायची म्हणलं की आधी सीए इंटर पास व्हावं लागतं, मंग पुढं दोन वर्षं. 2023 च्या आधी तीन होती. ह्याला सीए व्हायचंच नाही. बरं, पंतप्रधानांची ती योजना? 2024 साली निघाली तव्हा गल्लीत किती गवगवा झाला, पाचशे बड्या कंपन्या, महिन्याला 5,000 रुपये. ती निघाली 21 ते 24 वयाच्या पोरांसाठी, आणि रोज कॉलेजात जाणारा त्यात बसतच नव्हता. मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात कंपन्या आपण होऊन येतात म्हणं. आपल्याकडं बाहेरचं कोण येतं, कापूस घ्यायला येतेत तेवढेच. मंग राहिलं काय, मेल.

म्हणलं, वाच बरं एक. सुरुवातच ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’. म्हणजे समोर बाप्या आहे का बाई, हे बी बघितलेलं नाही! पुढं मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, लवकर शिकतो. सगळं जग हेच लिहितं, आळशी आहे म्हणून कुणी लिहिलंय का आजवर? खाली चार पानी बायोडाटा, त्यात चौथीतलं चित्रकलेचं बक्षीस. आणि एका फंडवाल्याला धाडलेल्या मेलमधी नाव दुसऱ्याच फंडाचं! पाटलांच्या पाकिटात कुलकर्ण्यांची लग्नपत्रिका घातल्यावानी.

पण मला लागलं ते निराळंच. चार पानात परभणीचं नाव नाही. पत्ता काय, तर नुसतं ‘महाराष्ट्र’. कामून रे, म्हणलं. तर म्हणतो, ‘आई, परभणी बघितलं की बंद करतेत.’ हाच पोरगा वहिनी, देवगिरीनं मुंबईला निघाला की मनमाड यायच्या आत समोरच्याचं गाव, पाहुणे, जमीन किती, विहिरीला पाणी किती, सगळं काढून घेतो. त्याला बोलायचं कसं हे शिकवायची गरज आहे का? आणि इथं गाव लपवायलाय. कुणी तरी ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून हिणवलं असंल, दुसरं काय.

मंग मेल गेला ह्यांच्या हातात. ह्यांचा जन्म हैदराबाद बँकेत गेला. ती 2017 ला स्टेट बँकेत गेली, पण आमच्या घरात अजून हैदराबाद बँकच. चष्मा लावून वाचलं आणि म्हणले, ‘आम्ही अर्जाचं वरलं अर्धं पान सोडून द्यायचो. रक्कम किती आणि कशासाठी, तेवढं बघायचो. तू काय मागायलास हेच शेवटपर्यंत कळंना.’ एवढं बरोबर बोलले, पण पुढं म्हणतेत कसे, ‘सविनय नमस्कार लिही आणि रजिस्टर पोस्टानं पाठव.’ म्हणलं, तुम्ही पेपर वाचा.

शेवटी तुमच्या ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं दहा मिनिटात सगळं धुऊन काढलं. म्हणली, नोकरी मागू नको, इंटर्नशिप बी पहिल्या मेलात मागू नको, पंधरा मिनिटं फोनवर बोलायला माग. कंपनीच्या मालकाला लिहू नको, त्याचे मेल वाचायला निराळी माणसं असतेत. लिंक्डइनवर जाऊन आपल्या कॉलेजातून, नांदेडच्या विद्यापीठातून शिकलेले आणि आता तिकडं कामाला लागलेले शोध. दोन-तीन वर्षांमागं लागलेला पोरगा उत्तर देतो, त्याची बी अशीच पायपीट झालेली असती. पाच-सहा ओळींच्या वर जाऊ नको. आठ दिवसांनी एकदा आठवण कर, मंग गप बस.

आणि खरी गोष्ट पुढं. म्हणली, त्यांना माहीत नाही आणि तुला माहीत आहे, असं काय आहे तुझ्यापाशी? बारका गप्पच. मीच बोलले मधी, ‘कापूस आहे की!’ ऑगस्ट 2025 ला सरकारनं बाहेरच्या कापसावरचा 11 टक्के आयात कर उठवला, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणले, मंग डिसेंबरअखेरपर्यंत लांबवला. इकडं 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. हे मुंबईच्या माणसाला पेपरात कळतं. पण हमीभाव वर असताना बी आपला शेतकरी व्यापाऱ्याच्या काट्यावर कामून जातो, हे तिथं बसून कसं कळंल? सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, 2025 ला त्यात मोबाइलवर नोंदणी आली, आणि घरात लग्न असलं की हातात रोकड लागती. माझ्या भावानं बी व्यापाऱ्यालाच घातला. गिरण्यांना आणि जिनिंगला कर्ज देणाऱ्यांना हेच तर पाहिजे असतं ना? ताई म्हणली, मावशी, हेच लिहायला लावा.

लिहिलं बाई एकदाचं. ‘मी परभणीचा, मानवतचा बाजार जवळून बघतो’ असं पहिल्याच ओळीत. पण उत्तरं कुठली लवकर? पोरगं जेवंना नीट. मी त्याला आनंदीबाई जोशींचं सांगितलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून गोपाळरावांनी तिकडल्या पाद्र्याला पत्र लिहिलं. टपाल खात्यातलाच माणूस, पत्राला काय घाबरतोय! पाद्र्यानं काही मनासारखं उत्तर दिलं नाही, वर पत्र आपल्या मासिकात छापून टाकलं. ते कुणी वाचावं? न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी, दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसल्या होत्या म्हणं. 1880 ला त्यांनी आपण होऊन पत्र धाडलं, आणि 1886 ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. लिहिलं एकाला, पावलं दुसऱ्याच ठिकाणी. बारका म्हणतो, ‘आई, सहा वर्षं थांबू का मी?’ घ्या!

मधी एक उत्तर आलं, लगेच, ऑफर लेटरच. मी तर साखर आणायला निघाले होते. खाली बारीक अक्षरात, नोंदणीचे पैसे भरा. ह्यांनी मोबाइलच काढून घेतला हातातून. काम करणाऱ्याकडूनच पैसे घेणारा कसला फायनान्सवाला, बॅग उचलून पळणारा तो! तुमच्या पुतण्याला बी सांगून ठेवा.

आणि परवा खरं आलं, वहिनी. एक बाई आहेत मुंबईला, कंपन्यांची कर्जं तपासायचं काम करतेत. माहेर सेलूचं निघालं! पंधरा मिनिटं म्हणून फोन केला, पाऊण तास बोलल्या, त्यातला निम्मा सेलूवरच असंल. आता एक पान लिहून मागितलंय. मानवतच्या यार्डात या आठवड्यात भाव काय फुटला, ओलाव्यापायी किती कापले, सीसीआयकडं कोण गेलं, व्यापाऱ्याकडं कोण आणि कामून. इंटर्नशिप देते असं नाही म्हणल्या हां, उगं गल्लीत बोलू नका.

तर म्हणलं, उद्या सकाळी भाऊंची गाडी रिकामी असती का? एसटीनं गेला तर पोचेपर्यंत लिलाव उरकून जायचा, आणि ह्याला चार शेतकऱ्यांशी बोलायचंय. पेट्रोल आम्ही टाकू. हे घ्या, तुमचे दाणे झाले सोलून. पण भाऊंना तुम्हीच विचारा बरं का. मी विचारलं की ते मागच्या खेपेच्या आरशाचं काढतेत.