मनगटाहून मोठे घड्याळ : निवड व धारणविधी

विसाव्या शतकाच्या मध्यास पुरुषांच्या मनगटी घड्याळाचा व्यास साधारणतः 33 ते 36 मिलिमीटर असे. 1945 मधील रोलेक्सचे डेटजस्ट 36 मिलिमीटरचे होते आणि तेवढ्यातही वेळ कळत असे, ही त्या काळाची अल्पसंतुष्टता होय. आज 44 मिलिमीटरच्या आतील घड्याळ लग्नमंडपावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला दिसत नाही, म्हणून नवधारकाने आकार वाढवण्यापूर्वी त्यामागील शास्त्राधार समजून घ्यावा.

हा आधार युद्धातून मिळतो व तो भक्कम आहे. जर्मन हवाई दलातील दिशादर्शकांसाठी 1940 च्या सुमारास आयडब्ल्यूसी, लाको आदी पाच कारखान्यांनी केलेली घड्याळे 55 मिलिमीटरची होती, कारण त्यांच्या पोटात खिशातील घड्याळाचे यंत्र बसवलेले असे, चावी हातमोजा न काढता फिरवता यावी लागे आणि पट्टा जाड कोटाच्या बाहीवरून बांधायचा असे. फ्लोरेन्सच्या पानेराई या पेढीने इटालियन नौदलातील पाणबुड्या सैनिकांना 47 मिलिमीटरची घड्याळे पुरवली, ती काळोख्या पाण्यात आकडे दिसावेत म्हणून. सबब बोरिवलीहून ठाण्यास मोटारीने जाणाऱ्या गृहस्थासही असे घड्याळ अत्यावश्यक ठरते. घोडबंदर रस्त्यावर कोणता प्रसंग ओढवेल याचा नेम नसतो.

लोकनिंदेचे भय बाळगू नये. ऑदेमार पिगे या स्विस पेढीने 1993 मध्ये 42 मिलिमीटरचे रॉयल ओक ऑफशोअर काढले तेव्हा जाणकारांनी त्यास अवाढव्य ठरवून नाके मुरडली होती. तोच आकार आज मध्यम गणला जातो, यावरून मुरडलेली नाके कालांतराने आपोआप सरळ होतात असे अनुमान निघते.

निवड करताना व्यासापेक्षा पट्टा अडकवण्याच्या वरच्या व खालच्या टोकांमधील अंतर पाहावे. ही टोके मनगटाबाहेर डोकावत असल्यास घड्याळ मापाचे नाही असे जुने घड्याळजी सांगतात, तर प्रस्तुत पद्धतीनुसार तेच योग्य माप होय. तारखेची खिडकी मात्र बारकाईने तपासावी. कित्येक स्वस्त मोठ्या घड्याळांत सेलवर चालणारे छोटे यंत्र प्लॅस्टिकच्या कड्यात अडकवून बसवलेले असते, आणि तारखेची चकती यंत्राहून मोठी होऊ शकत नसल्याने खिडकी तबकडीच्या काठाशी न राहता मध्याकडे सरकलेली दिसते. अशा घड्याळात यंत्र थोडे व मोकळी जागा फार असते. परंतु गुंठ्यांच्या व्यवहारात हयात गेलेल्या धारकास मोकळ्या जागेचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही.

धारणविधीत मुख्य अडथळा बाहीचा. शिंप्याकडून डावा कफ सैल करून घेणे हा सर्वमान्य उपाय असला, तरी फियाटचे जान्नी आन्येल्ली सदऱ्याच्या कफावरूनच घड्याळ बांधत, असा थोर दाखलाही उपलब्ध आहे. त्यांचे अनुकरण करताना त्यांच्याकडे फियाटही होती, एवढे ध्यानात ठेवावे.

होसूरला कारखाना असलेल्या टायटनच्या ‘एज’ या घड्याळाची संपूर्ण जाडी 3.5 मिलिमीटर असून त्यातील यंत्र अवघे 1.15 मिलिमीटरचे आहे. ते कोणत्याही कफाखाली विनासायास जात असल्याने त्याचा विचार येथे कर्तव्य नाही.