बोंबल्या

बोंबल्या हा पालघर-बोईसर पट्ट्यात बारमाही आढळणारा मनुष्यप्रकार आहे. ज्या बोंबेवरून त्याला नाव पडले ती मूळची शिमग्याची: पेटत्या होळीपुढे पालथा हात तोंडावर आपटत काढलेला तुटक आवाज. संकटात सापडलेला माणूस मदतीसाठी मारतो तीही बोंबच. बोंबल्याला मात्र होळी लागत नाही आणि संकटही. त्याला लोकल पुरते.

2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि त्याची रोजची सोय झाली. गाडी वेळेवर आली तर 'बसायला जागा कुठंय?', मेलला वाट देण्यासाठी बाजूला उभी केली तर 'आम्ही काय माणसं नाही?' आणि रद्द झाली, की त्याची कळी खुलते.

बोईसरचा बोंबल्या विजेवर पोसलेला. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते. त्यामुळे लाईट गेली की इतर गावांत नुसता अंधार होतो, इथे अन्याय होतो. सूर्या धरणाचे पाणी वसई-विरारकडे जाते म्हटल्यावर 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आपल्यासाठीच जन्मली असे तो मानतो. तक्रार खोटी नसते, हे कबूल केले पाहिजे. धास्ती असते ती उपाय निघण्याची. कोणी अर्ज पुढे केला की त्याचा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो.

'कामाच्या नावाने बोंब' म्हणजे काम शून्य. आवाज आणि अभाव हे दोन्ही अर्थ बोंबल्याच्या ठायी सुखाने नांदतात. 'चोराच्या उलट्या बोंबा' मारणारी त्याची एक पोटजातही आहे. ती एमआयडीसीत शिफ्टला उशिरा पोहोचते आणि गेटवरचे घड्याळ पुढे असल्याचा गिल्ला करते.

सातपाटीच्या बोंबलाशी त्याचे नाते फक्त नावापुरते. मासा बिचारा मुका. तरी 2023 मध्ये पापलेट राज्यमासा ठरला, तेव्हा 'बोंबलाला कुणी विचारलं का?' हा सवाल यानेच केला.

शिमग्याला मात्र गावभर अधिकृत बोंबा सुरू असताना हा ओट्यावर गप्प बसतो. विचारलेच तर सांगतो, "हल्ली पूर्वीसारखी बोंब राहिली नाही." आणि मग तासभर त्याच नावाने बोंबलतो.