थोडी उजवीकडे गेली, साहेब

शुक्रवारी रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. एवढ्या उशिरा ती दोनच कारणांनी फोन करते. एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर कुणाचं तरी ठरलेलं असतं. दोन्ही बातम्या सांगताना तिचा सूर तोच लागतो, त्यामुळे ‘अरेरे’ म्हणावं की ‘अरे वा’ हे पहिली दोन मिनिटं कळत नाही. मी आपला ‘अरे’वर थांबतो आणि पुढचं अक्षर हातात राखून ठेवतो.

या खेपेला तिसरंच निघालं. माझा भाचा बंगळुरूची चांगली चाललेली नोकरी सोडून पुण्याला येतोय आणि पाव भाजणार आहे.

“पाव म्हणजे?”

“पाव म्हणजे पाव! सॉवरडो की काय म्हणतात. आपल्याकडे कणीक आंबली तर आपण टाकून देतो. हा मुद्दाम आंबवणार आणि वर पैसे घेणार.”

“भावोजी काय म्हणाले?”

“त्यांना कुठं माहितीय अजून? उद्या तू त्यांच्याबरोबर गोल्फला चाललायस ना? तूच सांग. तिथं त्यांचा मूड चांगला असतो.”

हे शेवटचं वाक्य गोल्फच्या मैदानावर पाऊलही न टाकलेली बाईच बोलू शकते.

भावोजी निवृत्त कर्नल. मी निवृत्त बँकवाला. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आणि भावोजींनी ‘नुसतं काय चालतोस?’ म्हणून हातात त्यांची जुनी काठी दिली. काठी म्हटलेलं त्यांना आवडत नाही, क्लब म्हणायचं. नियमाप्रमाणे पिशवीत चौदापर्यंत क्लब ठेवता येतात. त्यांच्याकडे चौदा आहेत. माझ्याकडे त्यांनी टाकून दिलेले सात आहेत, आणि त्या सातांतून मी एकच फटका मारतो. स्कॉटलंडच्या राजाने 1457 साली या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळत बसायचे. ही बंदी कुणी आणि का उठवली, हा प्रश्न मला दर शनिवारी पहाटे पाच वाजता पडतो.

या शनिवारी तो जरा जास्तच पडला. पुण्यात जानेवारी, बाहेर नऊ अंश, आणि गिझरने ‘टुक्’ असा आवाज करून डोळा मिटला. सौ. पांघरुणातूनच म्हणाली, “भावोजींना सांगू नका, ते सियाचिन सांगतील.” आमच्या कुटुंबात कुणालाही कसलाही त्रास झाला की भावोजींना सियाचिन आठवतं. मी मुकाट्याने दोन तांबे गार पाणी अंगावर घेतलं, तिसऱ्याला देवाचं नाव घेतलं आणि तिला झोपमोड नको म्हणून अंधारातच कपडे चढवले.

मैदानावर उजाडलं तेव्हा लक्षात आलं की अंगातला स्वेटर अबोली रंगाचा आहे आणि त्याची बटणं उलट्या बाजूला आहेत. भावोजींनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोराकडे वळून बघायला लागले. त्या मैदानावर मोर आहेत, आणि अशा वेळी फार उपयोगी पडतात. आमचा कॅडी मात्र शांतपणे म्हणाला, “थंडी आहे साहेब. चालून जातंय.”

या कॅडीबद्दल सांगायलाच हवं. चाळिशीचा, सडपातळ माणूस. लहानपणापासून याच मैदानावर वाढलेला. तो कधी खोटं बोलत नाही आणि कधी कुणाला दुखवतही नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला जमतात हे मी बँकेतल्या तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पहिल्या होलला मी सगळा जीव एकवटून क्लब फिरवला. ज्या लाकडी खुंटीवर चेंडू ठेवतात ती टी पंधरा फूट उडाली आणि चेंडू दोन फूट घरंगळला. कॅडी म्हणाला, “सरळ गेली, साहेब.”

खरंच सरळ गेली होती.

तो चेंडूला ‘ती’ म्हणतो, आणि तिच्या चुका तो पोटच्या लेकीच्या सांगाव्यात तशा सांगतो. तळ्यात गेली तर ‘पाण्याच्या अंगाला आहे’. झाडावर आदळली तर ‘झाडाने अडवली, नाहीतर पोचलीच होती’. आणि पार शेजारच्या होलवर जाऊन पडली, तिथले चार जण कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत असले, की ‘थोडी उजवीकडे गेली, साहेब. सापडेल.’

चार फटक्यांत संपवायच्या पहिल्या होलला मी नऊ घेतले. पण माझं लक्ष खेळात होतंच कुठे? खिशात बातमी होती. चेंडूचं वजन सेहेचाळीस ग्रॅमसुद्धा भरत नाही. बातमी त्याहून जड होती.

दुसऱ्या होलला सांगायचं ठरवलं, तर भावोजींचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात. तीनदा वाळू उडाली, चेंडू जागचा हलला नाही. चौथ्यांदा ते जे बोलले ते पलटणीत बोलत असावेत. ही वेळ नव्हे.

तिसऱ्या होलला त्यांचा फटका झेंड्यापासून आठ फुटांवर जाऊन थांबला. हिरवळीवर अजून दव होतं. त्यांनी पटरने चेंडू हलकेच ढकलला, आणि दवावर त्याच्यामागे एक काळसर ओली रेघ उमटत गेली. आधी सरळ, मग मनात काहीतरी आल्यासारखी डावीकडे वळत, थेट होलपर्यंत. होल म्हणजे काय, 108 मिलिमीटर, आमच्याकडच्या आमटीच्या वाटीएवढा. चेंडू आत पडल्याचा ‘टॉक्’ आवाज आला. भावोजी त्या रेघेकडे बघत उभे राहिले. असा चेहरा मी त्यांचा फक्त मुलीच्या पाठवणीच्या वेळी पाहिला होता. आता यात पाव कुठं घालायचा? एवढ्यात टिटवी ओरडली. आमची आई म्हणायची, टिटवी ओरडली की काही बोलू नये. मी बोललो नाही.

चौथ्या होलला मात्र धीर सुटला. “भावोजी, एक सांगायचं होतं,” मी म्हणालो.

वाक्य सभ्य होतं, वेळ चुकली. त्यांचे हात त्या क्षणी खांद्याच्या मागे, वर गेलेले होते. समोरचा फटका मारत असताना बोलणं हे गोल्फमध्ये मंगलाष्टकं चालू असताना वराला उसने पैसे मागण्यासारखं आहे. चेंडू सणसणत घाणेरीच्या झुडपांत शिरला. भावोजी बराच वेळ तसेच उभे राहिले, हात वर, पुतळ्यासारखे.

“थोडी उजवीकडे...” कॅडी म्हणाला.

“दिसलं,” भावोजी म्हणाले. मग खिशातून दुसरा चेंडू काढत करड्या आवाजात, “प्रोव्हिजनल!”

हा एक सुंदर नियम आहे. चेंडू हरवला असावा असं वाटलं तर शोधायला जायच्या आधीच जागेवरून दुसरा मारून ठेवायचा, मात्र तसं जाहीर करून. पहिला सापडला तर दुसरा बाद. तो जाहीर होताना मला एकदम लख्ख प्रकाश पडला, की ताईचा प्रोव्हिजनल चेंडू म्हणजे मीच. तिला स्वतः मारायचा फटका कुठं जाईल याची खात्री नव्हती, म्हणून तिने आधी मला मारून ठेवलं होतं.

हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची. 2019 पासून तीनच मिळतात. आमच्या घरात चष्मा शोधायला चाळीस मिनिटं लागतात आणि तो कपाळावर सापडतो, त्या मानाने तीन मिनिटं म्हणजे कायच! मी झुडपात वाकलो. घाणेरीच्या काट्यांत अबोली लोकरीचा एक धागा अडकला. तो सोडवायला मी मागे सरलो, तसा स्वेटरही सरसर उसवत माझ्याबरोबर आला. मी काट्यात, भावोजी घड्याळात. दोन मिनिटं पन्नास सेकंदांनी कॅडीने झुडपाच्या बुंध्याशी बोट दाखवलं. चेंडू तिथे स्वस्थ बसला होता. आणि माझ्या कोपराशी आता स्वेटर नव्हता.

“हवा खेळती राहील, साहेब,” कॅडी म्हणाला.

नऊ होल संपले तेव्हा माझे सदुसष्ट फटके झाले होते आणि बातमी जशीच्या तशी खिशात होती. चहाच्या टपरीशी बाकावर बसलो. आता मात्र सांगायचंच, म्हणून मी घसा साफ केला. भावोजींनी गोल्फच्या पिशवीचा बाजूचा कप्पा उघडला, जिथे एरवी चेंडू आणि हातमोजा असतो, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. उलगडलं तर पाव. तांबूस, वर पिठाची पांढरी भुकटी, मधोमध ब्लेडने घेतलेली चीर. त्यांनी बोटाने टकटक केलं. दार वाजवल्यासारखा आवाज आला.

“घे,” ते म्हणाले. “कसा लागतो सांग.”

मी एक घास घेतला. वरचा पापुद्रा कडकडीत, आतला भाग मऊ, ओलसर, जाळीदार. “थोडा... आंबट आहे.”

“तसाच असतो म्हणे.” त्यांनी चहात तुकडा बुडवला. “परवाच येऊन गेला, बंगळुरूला परत जायच्या आधी. माझ्या मित्राच्या ओव्हनमध्ये दोघांनी मिळून भाजले. तीन करपले. हा चौथ्या घाण्यातला.”

“म्हणजे तुम्हाला...”

“जागा मीच बघून दिली. अनामत पण मीच भरली.” मग आवाज बराच खाली आला. सियाचिनवरही एवढा खाली आला नसावा. “प्रश्न तुझ्या ताईचा आहे. तिला अजून काही माहीत नाही. उद्या ती तुमच्याकडे मटार सोलायला येणार ना? तूच सांग. मटार सोलताना तिचा मूड चांगला असतो.”

उरलेला अर्धा पाव त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. पुरावा म्हणून, की शिदोरी म्हणून, ते बोलले नाहीत.

रविवारी सकाळी वॉशिंग मशीन सुरू झालं आणि आतून कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज यायला लागला. सौ.ने मशीन बंद करून हात घातला आणि माझ्या पँटच्या खिशातून चेंडू काढला. मग अबोली स्वेटर काढला. तो तिने खिडकीशी धरला. कोपराच्या भोकातून समोरच्या इमारतीचा पाण्याचा टँक स्वच्छ दिसत होता.

“हे काय?”

“थोडा उजवीकडे गेला,” मी म्हणालो. मला वाटतं, बायकोच्या बाबतीत ती भाषा चालत नाही. गिझरवाला येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि तो आला तो दुपारी.

दहा वाजता ताई आली. मटार करंज्यांचा बेत होता. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही तिघं बसलो. ताई शेंगेच्या टोकाला अंगठ्याने दाबते, शेंग ‘फट्’ करून उघडते आणि दाणे ओळीने पातेल्यात पडतात. एकही बाहेर जात नाही. ताईचा हात गोल्फला लागला असता तर भावोजींनी खेळ सोडला असता. माझा एक दाणा उडाला, टप्पा घेऊन टीपॉयखालून गेला आणि फ्रिजखाली नाहीसा झाला.

“बोललास का त्यांच्याशी?” ताईने विचारलं.

“बोललो.”

“मग?”

मी एक शेंग हातात घेतली. कॅडी कसा बोलला असता ते आठवलं. खोटं नाही आणि दुखवायचंही नाही. “ताई, तुझी बातमी जरा उजवीकडे गेलीय. पण सापडली. माझ्याआधीच तिथं पोचून बसली होती.”

ताईचा अंगठा शेंगेवर थांबला. मग मी सगळं सांगितलं, मित्राचा ओव्हन, करपलेले तीन घाणे, जागा, अनामत. सांगायला तीन मिनिटं लागली. ती काही बोलली नाही. पातेल्यात दाणे पडत राहिले, जरा जोरात. सौ. उठून आत गेली आणि उगाचच भांडी हलवायला लागली.

“पाव कुठंय?” ताईने शेवटी विचारलं.

मी गोल्फच्या पिशवीतून आणला. दुसऱ्या दिवशी तो आणखी कडक झाला होता. ताईने हातात घेऊन वजन पाहिलं, उलटा करून तळ पाहिला, नाकाशी नेला. मग एक तुकडा मोडून आत गेली, गॅसवर उकळत असलेल्या उसळीच्या रश्श्यात बुडवला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. आम्ही दोघं निकालाला उभे राहावं तसे दारात.

“मीठ कमी पडलंय,” ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.

“सांगतो मी त्याला,” मी लगबगीने म्हणालो. कालपासून सवयच लागली होती.

“तू काही सांगू नकोस,” ताई म्हणाली, आणि पदराला हात पुसून स्वतःच फोन उचलला.