कुठल्या घरचं लिनक्स?

आमच्या भिलाईकडच्या कुरुदमध्ये लिनक्स आलं ते स्वातंत्र्याच्या ओढीने नव्हे, चिक्कूपणाने. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची देखभाल संपली आणि नवं विंडोज ११ म्हणतं, मशिनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप असेल तरच येईन. इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांचे संगणक वेल्डिंगचा धूर खाऊन काळवंडलेले, माउस ग्रीसने माखलेला. त्यांच्यात कुठलं टीपीएम! त्यांतल्या एका भैयांना गल्लीतल्या पोराने पेन ड्राइव्हवरून उबुंटू हे लिनक्स चढवून दिलं. फुकट, चपळ. भैया खूश.

ही खुशी जीएसटीचं रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत टिकली. भैयांचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड, रिटर्नवर सही करायची ती डिजिटल सहीच्या डोंगलने. ते लावलं, तर मशिन ओळखच दाखवेना. डोंगलवाल्यांना फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपका कौन सा लिनक्स है?" भैया बाणेदारपणे म्हणाले, "फ्री वाला."

मुलीचा प्रश्न रास्त होता. लिनक्स नावाचं एकच एक काही नसतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिहिला तो नुसता गाभा, कर्नल. त्याच्याभोवती डेबियनने एक संसार मांडला, रेड हॅटने दुसरा, सुझेने तिसरा. विकतचं सॉफ्टवेअर यांतल्या कुठल्याही घरात सून म्हणून यायचं तर आधी पत्रिका मागतं. त्यातला कडक मंगळ म्हणजे जीलिबसी, सी भाषेची मूळ लायब्ररी. रेड हॅट ७मध्ये तिची आवृत्ती २.१७, ८मध्ये २.२८. नवीवर बेतलेला प्रोग्राम जुनीवर नेला, की 'जीलिबसी २.२८ सापडली नाही' एवढं बोलून तो मांडवातूनच माघारी फिरतो. उलटं मात्र सहसा जमतं, म्हणून शहाणे विक्रेते मुद्दाम जुन्या आवृत्तीवरच बांधणी करतात. खुल्या सॉफ्टवेअरला हा जाच नाही. त्याचा मूळ कोड हाताशी असतो, ज्याने त्याने आपल्या घरी पुन्हा बांधून घ्यावा. कुलूपबंद मालाला ती सोय नाही.

म्हणून बडे लोक यादीच हातात ठेवतात. ओरॅकलचा डेटाबेस १९९८पासून लिनक्सवर आहे. पण अमुक घराण्याची तमुक आवृत्ती असेल तरच आम्ही जबाबदार, बाकीच्यांनी आपापलं बघावं. याला कोणी उद्धटपणा म्हणेल, मला तो प्रामाणिकपणा वाटतो. शिवाय स्थळं तरी कुठे खात्रीची? रेड हॅटचं फुकट भावंड सेंटओएस ८, २०२९पर्यंत सांभाळू म्हणाले होते. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं, पुढच्या वर्षअखेरीस दुकान बंद.

आपला मराठी माणूस या घरातही शिरला आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांच्या पुण्याच्या क्विक हीलने लिनक्ससाठी अँटिव्हायरसही काढला. स्वतः लिनक्सला त्याची फारशी गरज पडत नाही. पण ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर फायली ठेवणारे बाकीचे सगळे विंडोजवाले असतात, त्यांचा संसर्ग दारातच अडवायला हवा ना!

आणि बाहेरून आलेल्या गोष्टीमागे माणूस लागतो, हे भिलाईला कोणी शिकवावं? पोलाद कारखान्याच्या १९५५च्या करारानंतर सोव्हिएत रशियातून नुसते नकाशे आले नाहीत, इंजिनियरही येऊन राहिले. तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं.

शेवटी पोराने डोंगलवाल्यांच्या यादीतली लिनक्सची जुनी आवृत्ती शोधून दुसऱ्या डिस्कवर चढवली, तेव्हा डोंगलने डोळे उघडले. भैयांनी त्याला वर्षाचे पैसे बांधून दिले आहेत. फक्त पक्कं बिल दे म्हणतात, जीएसटी लावून. पोरगा अजून टाळतोय. नंबर काढला तर रिटर्नं त्यालाही भरावी लागतील.