प्लॅनशास्त्री

मेलबर्न आणि सिडनीच्या उपनगरांतील मराठी कुटुंबांच्या जवळजवळ प्रत्येक गोतावळ्यात एक असा गृहस्थ असतो, की नवागताचे विमान उतरण्यापूर्वीच त्याने कोणते सिम घ्यावे याचा निकाल त्याच्या दरबारी लागलेला असतो. या गृहस्थास सोयीसाठी प्लॅनशास्त्री म्हणता येईल. पेशाने तो लेखापाल किंवा संगणक अभियंता असतो, दूरसंचार क्षेत्रात मात्र सहसा नसतो, कारण एकाच कंपनीशी निष्ठा हे त्याच्या मते अज्ञानाचे पहिले लक्षण होय.

त्याच्या शास्त्राचा मूळ सिद्धान्त असा, की ऑस्ट्रेलियात मोबाइलची राष्ट्रीय जाळी तीनच, ती म्हणजे टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि व्होडाफोन यांची, आणि उरलेल्या कंपन्या यांपैकी एखाद्या जाळ्यावरील सेवा घाऊक घेऊन आपल्या नावाने किरकोळीत विकतात. आल्डी या किराणा दुकानाचे सिम टेल्स्ट्राच्या जाळ्यावर चालते, हे रहस्य सांगताना त्याचा आवाज कानात मंत्र द्यावा तसा खाली येतो. प्रीपेडची मुदत बहुधा 28 दिवसांची असल्यामुळे वर्षात 12 नव्हे तर 13 रिचार्ज पडतात, हे गणित भारतातून आलेल्या माणसाला पाठ असले तरी ते त्याला पुन्हा ऐकावे लागते. त्यावरील उतारा म्हणजे सुपरमार्केटात अधूनमधून निम्म्या किमतीत मिळणारे नव्या सिमचे पाकीट. त्याची मुदत संपताच दुसऱ्या कंपनीचे पाकीट घेऊन क्रमांक ‘पोर्ट’ करायचा, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी तेवढी बदलायची. वूलवर्थ्स आणि कोल्स यांची सवलतींची पत्रके दर बुधवारी बदलतात, त्यामुळे बुधवारला त्याच्या घरी संकष्टीच्या बरोबरीचे स्थान असते.

घरच्या इंटरनेटचा विषय निघाला, की शास्त्राचा उत्तरार्ध सुरू होतो. 2009 मध्ये स्थापन झालेली एनबीएन ही सरकारी मालकीची कंपनी देशभर तारांचे जाळे उभारते, पण ग्राहकाला स्वतः काही विकत नाही. विक्री करणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि तार बहुधा तीच. त्यामुळे नवे जोडपे भाड्याचे घर पाहून येते आणि स्वयंपाकघराचे कौतुक करू लागते, तेव्हा हा एवढेच विचारतो, की फायबर थेट घरापर्यंत आहे, की रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच येऊन पुढे तांब्याची तार आहे. सप्टेंबर 2025 मध्ये 100 एमबीपीएसची श्रेणी 500 वर नेली गेली, ती घरापर्यंत फायबर किंवा टीव्हीची केबल असलेल्यांसाठीच. तांब्याच्या तारेवरील घरे त्याच्या लेखी त्या दिवसापासून सोयरिकीस अयोग्य ठरली. जाहिरातीतील आकड्यावर न जाता संध्याकाळी 7 ते 11 या गर्दीच्या वेळेतला वेग पाहावा आणि पहिल्या सहा महिन्यांची सवलत संपताच कंपनी सोडावी, हे त्याचे उपदेश मात्र निर्विवाद खरे असतात.

हा सारा खटाटोप पैशांसाठी चालतो असे मानणे उथळपणाचे होईल, कारण एवढ्या तासांच्या संशोधनाची मजुरी धरली तर व्यवहार तोट्याचाच ठरतो. स्थलांतरिताच्या पहिल्या वर्षात व्हिसा अधिकारी त्याची कागदपत्रे तपासतो, घरमालक अनेक अर्जदारांतून त्याला निवडतो किंवा गाळतो, आणि नोकरी देणारा त्याच्याकडे स्थानिक अनुभव मागतो; सिमच्या फळीपुढे मात्र अर्जदार कंपन्या असतात आणि परीक्षक तो असतो. तिथे एकीला नाकारण्याचे जे सुख त्याला मिळते, ते पुढे नागरिकत्व मिळाल्यावरही सुटत नाही.

या शास्त्राची एकमेव पाखंडी त्याच्याच घरात राहते. पत्नीने आल्या आल्या टेल्स्ट्राचे महागडे पोस्टपेड, म्हणजे वापरानंतर बिल भरण्याचे, कनेक्शन घेतलेले असते आणि त्यानंतर या विषयावर एक मिनिटही खर्च केलेला नसतो. सुट्टीत कुटुंब ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत जाते, तिथे शास्त्र्याच्या अर्ध्या किमतीच्या सिमवर ‘नो सर्व्हिस’ अशी अक्षरे उमटतात, आणि मुक्कामाच्या जागेचा पत्ता पत्नीच्या फोनवरून विचारावा लागतो. या घटनेने सिद्धान्ताला बाध येतो असे शास्त्री मानत नाही. प्रत्येक घरात वेगळ्या जाळ्यावरचा एक फोन राखीव असावा, असे तो पुढच्या नवागताला सांगतो, आणि ती योजना आपलीच असल्याचेही सांगतो.